न लिहिलेला शब्द : वैद्यकीय संख्याशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाविषयी

वैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला आज संख्याशास्त्र टाळता येत नाही. प्रबंधासाठी रुग्णांची संख्या ठरवण्यापासून निष्कर्षाची वाक्यरचना करण्यापर्यंत त्याला या शास्त्राचा आधार घ्यावा लागतो. हा विषय डॉक्टरांना शिकवता येण्याजोगा कसा झाला, याचा इतिहास मात्र गणितापेक्षा गद्यलेखनाच्या इतिहासाला अधिक जवळचा आहे. ज्या पुस्तकाने हे काम केले, त्यात लेखकाने एक महत्त्वाचा शब्द जाणूनबुजून लिहिला नाही. साहित्याच्या अध्यापकांनी या प्रकरणाकडे पाहावे असे मला वाटते, ते त्या न लिहिलेल्या शब्दासाठी.

प्रश्न जुना आहे आणि त्याचे एक टोक मुंबईत आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा पाहिली. जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस टोचली. उरलेल्यांशी त्यांची तुलना केली. टोचलेल्यांत प्लेग कमी आढळला. परंतु स्वेच्छेने पुढे येणारा माणूस आणि मागे राहणारा माणूस हे सारखेच असतात काय? प्रकृती, धास्ती, सावधपणा, कोठडीतील जागा यांपैकी कशातही त्यांच्यात फरक असू शकतो; मग गुण लसीचा म्हणायचा की माणसांच्या निवडीचा? १९१५ साली मेजर ग्रीनवुड आणि उड्नी यूल या दोघांनी पटकी व विषमज्वराच्या लसींचे आकडे तपासताना नेमका हाच प्रश्न विचारला. (‘मेजर’ हे ग्रीनवुडचे नाव होते, लष्करी हुद्दा नव्हे.) टोचलेले आणि न टोचलेले सर्व महत्त्वाच्या बाबतींत समान असले पाहिजेत, ही त्यांनी घातलेली पहिली अट. उच्चारायला ती सोपी आणि पाळायला अतिशय अवघड आहे.

कार्ल पिअर्सनने १९११ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उपयोजित संख्याशास्त्राचा विभाग स्थापन केला होता. तेथील गणित सामान्य डॉक्टरच्या आवाक्याबाहेरचे होते आणि ते सोपे करून सांगणे ही पिअर्सनची वृत्ती नव्हती. डॉक्टर अनुभवाची ग्वाही देत, संख्याशास्त्रज्ञ सूत्रे मांडत. संवाद असा होत नव्हता.

या दोन पक्षांमध्ये उभा राहिला तो ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल, आणि त्याच्याजवळ पदवी ना वैद्यकाची होती ना संख्याशास्त्राची. जन्म १८९७ चा. वडील लेनर्ड हिल हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. मुलालाही डॉक्टरच व्हायचे होते. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक झाला, एजियन समुद्राच्या आघाडीवर गेला आणि क्षयरोग घेऊन परतला. काही वर्षे अंथरुणात व विश्रांतीत गेली. वैद्यकाचे शिक्षण त्या प्रकृतीला झेपणारे नव्हते, म्हणून पत्रद्वारा अभ्यास करून त्याने अर्थशास्त्राची पदवी मिळवली. ग्रीनवुडने त्याला संशोधनाचे काम दिले. पिअर्सनची व्याख्याने तो ऐकत राहिला. १९२७ पासून तो ग्रीनवुडबरोबर लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन येथे होता. तेथे त्याच्यासमोर आकड्यांना बिचकणारे डॉक्टर विद्यार्थी म्हणून बसत.

या वर्गांतल्या अनुभवाला १९३७ साली लेखनाचे रूप आले. जानेवारीपासून ‘द लॅन्सेट’मध्ये त्याचे सतरा लेख ओळीने प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ‘प्रिन्सिपल्स ऑफ मेडिकल स्टॅटिस्टिक्स’ हे पुस्तक निघाले. त्याचे गद्य आजही वाचनीय आहे. वाक्ये सरळ आहेत, उदाहरणे डॉक्टरच्या रोजच्या व्यवहारातली आहेत, सूत्रे अगदी गरजेपुरती. सरासरी, विचलन, नमुन्याची चंचलता हे सारे ओलांडून तो तर्कदोषांकडे येतो आणि तेथे रमतो. विधान केवढे मोठे आहे आणि त्याखालचा पुरावा केवढा, हे वाचकाने मोजावे, असा त्याचा आग्रह दिसतो. आपल्याकडे समीक्षेच्या वर्गात दुसरे काय शिकवले जाते?

आता त्या शब्दाकडे. दोन गट समान हवेत तर कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठीने ठरवावे; हे ‘यादृच्छिकीकरण’ रोनल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी १९२० च्या दशकातच मांडले होते. हिलला ते ठाऊक होते. तरी १९३७ च्या लेखांत त्याने तो शब्द येऊ दिला नाही. एक रुग्ण या गटात, पुढचा त्या गटात, असे आळीपाळीचे वाटप त्याने सुचवले. नव्वदी ओलांडल्यावर, १९९० साली, त्याने सांगितले की ही गाळणी हेतुपुरस्सर होती. चिठ्ठ्यांची भाषा वापरली असती तर डॉक्टर मुळात तुलनेलाच तयार झाले नसते, अशी त्याला भीती होती.

आळीपाळीत खोट आहे. पुढची पाळी कोणाची हे डॉक्टरला आधीच कळते. मग एखाद्या अत्यवस्थ रुग्णाला तो नकळत थांबवतो, एखाद्याला पुढे करतो, आणि समानता ढासळते. म्हणजे जी पद्धत सदोष आहे हे शिक्षकाला माहीत होते, तीच त्याने विद्यार्थ्यांना दिली. अध्यापनात गाळावे तर लागतेच, पण हे त्या नेहमीच्या गाळण्यापेक्षा गंभीर आहे. येथे पलीकडे रुग्ण होते. हिलची मुत्सद्देगिरी फळली म्हणून ती निर्दोष ठरवणे मला जड जाते. तरी त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे : संधी मिळताच त्याने गाळलेले भरून काढले.

ती संधी स्ट्रेप्टोमायसिनमुळे आली. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये हे औषध इतके थोडे होते की सर्व क्षयरुग्णांना देणे शक्यच नव्हते. जानेवारी १९४७ पासून मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत रुग्ण दाखल होऊ लागले. यादृच्छिक अंकांवरून केलेले वाटप मोहोरबंद लिफाफ्यांत ठेवले होते. रुग्ण स्वीकारल्यावरच लिफाफा उघडायचा. क्ष-किरणचित्रे वाचणाऱ्यांनाही रुग्णाचा गट माहीत नव्हता. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध व विश्रांती मिळाली, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४. अहवाल ऑक्टोबर १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ विश्रांती म्हणजे तीस वर्षांपूर्वी खुद्द हिलला मिळालेला उपचार. आणि त्या ५२ जणांना आपण तुलनेच्या गटात आहोत हे सांगितलेले नव्हते. न सांगणे येथेही होतेच, फक्त या वेळी ते वर्गातून रुग्णालयात गेले होते.

१९५० साली रिचर्ड डॉलबरोबर धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडल्यावर हिलला उलट बाजूने अडचण आली. चिठ्ठ्या टाकून कोणाला धूम्रपान करायला लावता येत नाही, आणि स्वतः फिशरच या निष्कर्षावर तुटून पडले. मग कार्यकारणभाव मानायचा कधी? १९६५ च्या एका भाषणात हिलने विचारार्थ नऊ मुद्दे ठेवले. त्यांना त्याने ‘दृष्टिकोन’ म्हटले. त्यांपैकी एकही निर्णायक पुरावा देत नाही आणि एकही अपरिहार्य नाही, असेही बजावले. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते ‘हिलचे निकष’ या नावाने क्रमांक घालून छापलेले असतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थी ते नऊच्या नऊ पाठ करतात.