यादीची कुळकथा

सकाळी मोबाइल उघडून 'दळण टाकणे, विजेचे बिल, आईचे औषध' अशी दिवसाची कामे मी त्यातील यादीत उतरवितो, आणि एकेक काम हातावेगळे झाले की त्याच्यापुढे बरोबरची खूण करतो. ॲपलने २०११ साली आपल्या फोनमध्ये या कामासाठी जी सोय आणली तिचे नाव 'रिमाइंडर्स', म्हणजे स्मरण करून देणारे. आणि हे नाव वाचीत असता एके दिवशी ध्यानात आले की, आपला 'यादी' हा शब्दही मुळात स्मरणाचाच आहे.

फार्सीत 'याद' म्हणजे स्मृती. हिंदीत ती स्मृतीच राहिली. मराठीत आणि गुजरातीत मात्र तिच्यापासून झालेली 'यादी' म्हणजे क्रमवार टिपण. हे स्थित्यंतर घडले कसे, या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस झपाटले होते. प्रथम वाटले की, 'यादी' हा 'इत्यादी'चा अपभ्रंश असावा. कारण नावे मांडता मांडता शेवटी इत्यादी म्हणण्याचा आपला परिपाठच आहे. परंतु हा मोह टिकत नाही. 'इत्यादी' अव्यय, 'यादी' स्त्रीलिंगी नाम. शिवाय 'याद' आणि 'यादास्त' ही तिची सख्खी भावंडे मराठीतच नांदत असता आद्याक्षर गळाल्याची कल्पना करण्याचे प्रयोजन काय?

माझ्या मते हा अर्थ दफ्तरात घडला. मोडी कागदांत 'याद' म्हणजे विसर पडू नये म्हणून केलेला लेख, आणि त्यातील मजकूर कलमवार मांडण्याची कारकुनांची रीत. स्मरणाचा कागद आणि कलमांची रांग अशी नित्य एकत्र दिसू लागल्यावर कागदाचे नाव रांगेला मिळाले, हे मला निःसंशय वाटते. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'ने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी याद काही मराठीतून हद्दपार झाली नाही.

जुन्या अर्थाचा जिवंत पुरावा तर आपल्या लग्नघरात आहे. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, वर 'श्रीगजानन प्रसन्न' लिहून मानपान, साडीचोळी, कार्याचा खर्च कोणी करावयाचा हे एकाखाली एक मांडतात, आणि खाली सह्या होतात. या यादीतील एकाही कलमावर कोणी बरोबरची खूण करीत नाही; ती उभयपक्षी ठरलेल्या गोष्टींची याद आहे. 'यादी पे शादी' म्हणतात तेव्हा हाच जुना, करारनाम्याच्या जवळचा अर्थ बोलत असतो.

इंग्रजीतील 'लिस्ट'चे कूळ निराळे. मुळात तो शब्द किनारीचा, पट्टीचा. पुढे कागदाच्या पट्टीवरील नावे असा अर्थ आला. स्मरणाचा अंश त्यात नाही, म्हणूनच स्मरणासाठी इंग्रजीला 'रिमाइंडर' वेगळा जोडावा लागला. ऑस्ट्रेलियात २००५ साली निघालेल्या अशाच एका सोयीचे नावच 'रिमेंबर द मिल्क', दुधाची आठवण ठेव, असे आहे. मराठीला 'लिस्ट' आणि 'रिमाइंडर' असे दोन शब्द लागत नाहीत.

असे असता मोबाइलच्या मराठी अनुवादांत ठिकठिकाणी 'सूची' दिसते. सूची म्हणजे मुळात सुई. ग्रंथाच्या शेवटी सूची शोभते. रोजच्या कामांना मात्र अनुवादकांनी यादीच म्हणावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.