माथेरानची आगगाडी आणि आदमजींचे सोळा लाख

महाराष्ट्रातल्या रेल्वेचा इतिहास आपण सहसा कंपनी सरकार, गोरे इंजिनिअर आणि इंग्लंडचे भांडवल एवढ्यातच आटोपतो. ते पुष्कळसे खरेही आहे. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक आजही राहुरी स्टेशनात उतरतात. ते स्टेशन ज्या दौंड–मनमाड मार्गावर आहे तो १८७८ साली सुरू झाला, आणि त्याच्या मातीकामावर १८७६-७७ च्या दुष्काळात होरपळलेली माणसे राबली होती. म्हणजे नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, आगगाडी आली ती सरकारी पैशाने आणि उपाशी माणसांच्या घामाने. पण याच महाराष्ट्रात एक मार्ग असा आहे की ज्यासाठी एका हिंदी व्यापाऱ्याने स्वतःच्या खिशातून सोळा लाख रुपये काढले. तो मार्ग म्हणजे नेरळ–माथेरान. आणि तो व्यापारी म्हणजे सर आदमजी पीरभॉय.

आदमजी दाऊदी बोहरा समाजातले. लहानपणी मुंबईच्या रस्त्यांवर त्यांनी आगपेट्या विकल्या, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे लष्कराला तंबू आणि बूट पुरवण्याचे कंत्राट, धारावीतला चामड्याचा कारखाना, कापडगिरण्या असा त्यांचा पसारा वाढत गेला. १९०७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षही तेच होते. १९१३ मध्ये ते वारले. आज त्यांचे नाव फार थोड्यांना आठवते. गाडीत बसणाऱ्यांनाही नाही.

माथेरानचा शोध ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये लावला, असे पुस्तकांत लिहिलेले असते. त्या डोंगरावर त्याआधीपासून ठाकर, कातकरी राहत होते. तेव्हा 'शोध' हा शब्द आम्ही जपूनच वापरतो. साहेब लोकांची आणि मुंबईच्या धनिकांची तिथे वस्ती वाढली. नेरळपर्यंत मोठी आगगाडी होती. तिथून पुढे मात्र सुमारे ८०० मीटर उंचीवर जायचे तर घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय. पालखी म्हणजे दुसऱ्या माणसाचा खांदा. एकाच्या हवापालटासाठी दुसऱ्याने धापा टाकत डोंगर चढायचा, असा तो मामला होता.

आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रेल्वेचा ध्यास घेतला, वडिलांनी पैसा दिला. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली. आखणीच्या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे सल्लागार होते. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे ते हेच कॅलथ्रॉप, ज्यांच्या छोट्या गाडीने पुढे वारकऱ्यांना पंढरपूरला पोचवले. माथेरानसाठी रूळ घातले ते अवघ्या दोन फुटांच्या अंतराचे. लांबी सुमारे २० किलोमीटर, आणि चढ असा की काही ठिकाणी वीस फूट पुढे जाताना एक फूट वर जायचे.

वळणे तर दोनशेहून अधिक. साधे इंजिन अशा वळणावर अडकेल किंवा रूळ सोडेल. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून चार खास इंजिने आणली गेली. त्यांची पुढची आणि मागची चाके वळणानुसार थोडी बाजूला सरकू शकत, मधली तेवढी जागेवर राहत. सहा चाकांचे ते लहानसे धूड सापासारखे डोंगराला वेढे घालत वर जाई.

या गाडीतला उतारू घाईत नसे, असूच शकत नसे. दोन तासांचा प्रवास. जुम्मापट्टीला थांबा. वॉटर पाइप या स्टेशनात इंजिन पाणी पिई, तोवर उतारू खाली उतरून पाय मोकळे करत. मग एकुलता एक बोगदा, तोही इतका आखूड की लोकांनी त्याचे नाव 'वन किस टनेल' ठेवले. खिडकीतून डोके बाहेर काढले की डोळ्यांत कोळशाची कणी जायची हे ठरलेलेच. उतरणीला खरी भिस्त असे ती डब्यांवरच्या ब्रेकमनवर. इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर तो हाताने ब्रेक आवळी. उतारूंना डोंगर दिसे, ब्रेकमनला चाके.

१९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि १९८२ मध्ये वाफेची फेरी संपली. जुलै २००५ च्या महापुराने मार्ग उखडला. तो १०० व्या वर्षी, २००७ मध्ये, पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर गाडी थांबली, नंतर सुरू झाली, २०१९ च्या पावसाने पुन्हा बंद पडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा धावली. इतक्या वेळा मोडून इतक्या वेळा उभी राहिलेली गाडी विरळाच.

आणि तरीही एक गोष्ट या गाडीला साधली नाही. माथेरानात मोटारींना बंदी असल्याने स्टेशनाच्या पुढे माणूस माणसाला ओढत राहिला. पालखी गेली, तिच्या जागी हातरिक्षा आली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला सोडून असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला, रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन. १९०७ साली वाफेने जे ओझे नेरळच्या खांद्यांवरून उतरवले, त्यातले शेवटचे काही मैल उतरवायला आपल्याला ११८ वर्षे लागली.

आदमजींनी हा विचार करून पैसा घातला, असा दावा आम्ही करणार नाही. त्यांना डोंगरावर सुखाने जायचे होते. ते व्यापारी होते, नफ्याचाही हिशोब असेल. पण इतिहासात हेतूइतकाच परिणामही मोजायचा असतो. एका बोहरी बापलेकाने जर्मन इंजिने आणि इंग्रज इंजिनिअरची अक्कल घेऊन सह्याद्रीच्या अंगावर रूळ चढवले, आणि ते बांधताना मजूर इथलेच राबले. या मार्गाला वारसा म्हणताना या सगळ्यांची नोंद एकत्रच ठेवायला हवी. एकाला गाळून दुसऱ्याचे कौतुक केले तर हिशोब जुळत नाही.