महाकाय वैज्ञानिक फाइलींचे लेखन

हवामानाची प्रतिमाने, रेडिओ दुर्बिणी, कणभौतिकीचे प्रयोग यांतून निघणारी गिगाबाइट ते टेराबाइट मापाची आकडेवारी डिस्कवर उतरवण्याची प्रक्रिया. तिचा वेग यंत्रसामग्रीच्या किमतीवर ठरतो असा समज रूढ आहे, पण तो अपुरा आहे. आकडे कोणत्या क्रमाने, केवढ्या गठ्ठ्यांनी आणि फाइलीतल्या कोणत्या मांडणीत उतरतात, यावर वेग त्याहून अधिक अवलंबून असतो.

मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत होते. वाचन-लेखन करणारे शीर्ष सरकण्याचा वेळ धरला, तर विखुरलेल्या जागी तिला सेकंदाला जेमतेम शंभर वेळा लिहिता येते. दर वेळी ४ किलोबाइट लिहिले, तर सेकंदाला अर्धा मेगाबाइटही उतरत नाही. सलग लिहिताना तीच डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटांच्या पुढे जाते. यावर आक्षेप असा, की फ्लॅश साठवणीत शीर्षच नाही, तेव्हा हा प्रश्न जुना झाला. पण मांडणीचा दोष शीर्षाबरोबर जात नाही. इलिनॉय विद्यापीठातील महासंगणन केंद्रात घडलेले आणि १९९८ मध्ये आलेले एचडीएफ५ हे फाइलस्वरूप मोठ्या सारणीचे ‘चंक’ पाडते. चंक १,००० × १,००० आकड्यांचा, म्हणजे ४ मेगाबाइटांचा आहे, तो संपीडित आहे आणि प्रोग्राम एकेक ओळ लिहितो आहे असे समजू. या स्वरूपाच्या १.१० सारख्या आवृत्त्यांत सांगितल्याशिवाय मिळणारा चंक-कॅशे १ मेगाबाइटचाच असतो. त्यात चंक मावत नाही, म्हणून प्रत्येक ओळीसाठी अख्खा चंक वाचायचा, उलगडायचा, बदलायचा, पुन्हा दाबून लिहायचा. ४ मेगाबाइट आकड्यांसाठी जवळजवळ ४ गिगाबाइटांची दाब-उलगड होते. फ्लॅशने ही उधळण थोडी लवकर आटोपेल, थांबणार नाही. कॅशे वाढवला किंवा चंक ओळींच्या आकाराचे केले, तर ती उद्भवतच नाही, आणि त्याला पैसा लागत नाही.

हजारो प्रोसेस एकाच वेळी लिहितात तेव्हा हे आणखी ठळक होते. लस्टर या समांतर फाइलव्यवस्थेत फाइल अनेक साठवण-घटकांवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरता येते. व्यवस्थापकाने किंवा वापरकर्त्याने तसे सांगितले नाही, तर मात्र ती एकाच घटकावर बसते आणि बाकीचे घटक रिकामे राहतात. पसरलेल्या फाइलीतही दोन प्रोसेसच्या जागा एकाच पट्टीत आल्या, की त्या भागात लिहिण्याचा हक्क देणारे कुलूप त्यांच्यात मागे-पुढे फिरत राहते. प्रोसेसमधील संवादाच्या १९९७ च्या एमपीआय-२ मानकातील सामूहिक लेखन यावर उपाय देते: मोजक्या प्रोसेस इतरांचे तुकडे गोळा करून जुळवतात आणि मोठे सलग भाग लिहितात. जाळ्यावरची ही जादा देवघेव वाया जाते असे वाटते, पण जाळे साठवणीपेक्षा खूप वेगवान असल्याने ती बहुधा परवडते. प्रत्येक प्रोसेसने आपली वेगळी फाइल लिहावी, हा दुसरा पर्याय. कुलपांचा प्रश्न त्याने खरोखर मिटतो आणि लहान संख्येला तो उत्तम चालतो. पुढे मात्र हजारो फाइली निर्माण करण्याचा भार फाइलींच्या नोंदी ठेवणाऱ्या मेटाडेटा सर्व्हरवर पडतो आणि त्या सांधण्याचे काम वाचणाऱ्याच्या गळ्यात येते.

२०१७ पासून निघणारी आयओ५०० ही साठवणीची क्रमवारी मांडणीच निर्णायक असते या मताला बळ देते. तिच्यात एकाच यंत्रावर दोन तऱ्हांनी लेखन मोजतात. सोप्या चाचणीत मांडणी सोयीची निवडता येते. अवघड चाचणीत सगळ्या प्रोसेसनी एकाच फाइलीत ४७,००८ बाइटांचे, पट्टीच्या मापाशी न जुळणारे तुकडे लिहायचे असतात. यंत्र तेच, तरी दोन आकड्यांत मोठे अंतर पडू शकते. डाओससारख्या साठवण-व्यवस्थांनी ते कमी केले, पण केवळ वेगवान साठवण वापरून नव्हे. कुलपांची जुनी पद्धतही त्यांनी टाळली. याच क्रमवारीत लेखन किमान ३०० सेकंद चालावे लागते. हा दंडक आवश्यकच आहे, कारण लेखनाची आज्ञा पुष्कळदा आकडे स्मृतीत पोहोचताच ‘झाले’ म्हणून परतते, आणि छोट्या चाचणीत डिस्कऐवजी स्मृतीच मोजली जाते.

लिहायचे आकडेच कमी करणाऱ्या संपीडनाबद्दल मात्र एकच नियम सांगता येत नाही. संथ बदलणारे तापमानक्षेत्र चांगले दबते, दुर्बिणीचा कच्चा गोंगाट दबत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वाचणाऱ्याचा आहे: फाइल एकदा लिहिली जाते आणि शेकडो वेळा वाचली जाते, मग लेखनाच्या वेगाला एवढे महत्त्व का? पण लिहितानाची मांडणीच वाचनाचा वेगही ठरवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे आयआयटीएम-ईएसएम हे प्रतिमान सीएमआयपी६ या जागतिक उपक्रमात सहभागी होते. अशी प्रतिमाने काळाच्या क्रमाने, नकाशामागून नकाशा लिहीत जातात. अभ्यासकाला मात्र अनेकदा एकाच ठिकाणच्या शंभर वर्षांच्या पावसाची मालिका हवी असते. एक अंशाच्या जाळीवरचा दिवसाचा नकाशा सुमारे ०.२६ मेगाबाइटचा. दर नकाशाला एक चंक ठेवला, तर नागपूरच्या मालिकेसाठी ३६,५०० चंक, म्हणजे साडेनऊ गिगाबाइट वाचावे लागतात. एका वर्षाचे नकाशे स्मृतीत साठवून ३६५ दिवस × २० × २० बिंदूंचे चंक लिहिले, तर १०० चंक, जेमतेम ५८ मेगाबाइट पुरतात. त्यासाठी लिहिताना प्रत्येक राशीमागे ९५ मेगाबाइट स्मृती अडकते, जी आजच्या महासंगणकात नगण्य आहे. या मांडणीत एका दिवसाचा नकाशा हवा असेल, तर १६२ चंक म्हणजे अख्खे वर्ष वाचावे लागते. म्हणून नकाशेही तितकेच मागितले जात असतील, तेथे महिन्याभराचा चंक हा मधला मार्ग धरावा.