जागल्याचा नातू

गेल्या महिन्यात शहाद्यात डोंगरगाव रस्त्याला एका घरी वायरलेस कॅमेरे बसवत होतो. शिडीवर उभा राहून भिंतीला ड्रिल लावलं, तेवढ्यात खालून घरच्या आक्कांनी विचारलं, "रातले बी दिसस का रे भो त्याम्हा?"

"दिसतं आक्का. मिट्ट काळोखात पण."

"मंग तो हाका मारस का?"

"मोबाइलवर शिट्टी वाजते."

"कोना मोबाइलवर?"

ॲप मुलाच्या मोबाइलवर होतं आणि मुलगा पुण्यात. मी तसं सांगितलं. आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग तो पुन्याथून पयत यी का?"

मी हसलो खरा, पण हात थांबला. बारा वर्षं मी हा धंदा करतोय. गिऱ्हाईक विचारतं ते मेगापिक्सेल किती, वॉरंटी किती, आणि बाजूच्या दुकानात दोनशे रुपयांनी स्वस्त का. धावून कोण येणार, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. माझ्या आजाला मात्र हा प्रश्न रोज रात्री असायचा, कारण धावणारा तोच होता. गोमाई नदीच्या काठच्या आमच्या गावात तो जागल्या होता.

आम्ही भिल. खानदेशाच्या सपाटीवर गावाची राखण बहुतेक ठिकाणी भिलांकडेच असायची. गावात रात्री कोण आलं, कोण गेलं, धर्मशाळेत कोण उतरलं, हे जागल्याने पाटलाला सांगायचं. पगार नव्हता. जमिनीचा एक तुकडा आणि प्रत्येक खळ्यावरून धान्याचा वाटा, एवढंच. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात या वाट्याबद्दल त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं आहे. वाटा घरोघरचा असल्यामुळे तो गोळा करायला जागल्या सतत फिरत असतो, आणि फिरत असल्यामुळे प्रत्येक घराची, प्रत्येक माणसाची त्याला खबर असते. साहेबाला ही युक्ती वाटली असेल. माझ्या आजीला ती दारोदार पदर पसरण्यासारखी वाटायची, हेही इथेच सांगून टाकतो.

त्याच अहवालात पुढची रीत आहे, आणि तीच मला महत्त्वाची वाटते. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. पावलं दुसऱ्या गावच्या शिवेत गेली आणि तिथल्या जागल्याची खात्री पटली, की पहिला सुटला. पुढचा माग दुसऱ्याने काढायचा. असं करत ज्या गावाच्या हद्दीपर्यंत चोर स्पष्ट पोचला, त्या गावाने चोरीचा माल भरून द्यायचा. जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं, उरलेलं साऱ्या गावावर बसायचं. म्हणजे एका घरी बैल चोरीला गेला तरी झोप अख्ख्या गावाची उडायची. आज आपण 'मागमूस लागला नाही' असं सहज म्हणतो. तेव्हा माग लागला नाही तर पैसे मोजावे लागत.

आजाचं माग काढणं मी डोळ्यांनी एकदाच पाहिलं. तेव्हा त्याचं वतन जाऊन जमाना झाला होता, मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमची शेळी गेली होती. आजाने आधी सगळ्यांना गोठ्यापासून दूर हाकललं. मग एक चांगलं उमटलेलं पाऊल शोधून त्याच्यावर टोपली पालथी घातली, वाऱ्याने किंवा कोंबड्यांनी मोडू नये म्हणून. तुरीची एक काडी घेतली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरून तेवढीच मोडली. त्या काडीवर नखाने दोन खुणा केल्या, एक चवड्याच्या रुंदीची, एक टाचेच्या. मग काडी कानावर अडकवून उकिडवा बसला आणि सूर्य जरा कलायची वाट बघत राहिला. ऊन तिरपं झालं की ठशाची कड सावली धरते, डोक्यावर ऊन असताना काही दिसत नाही. आज मी गिऱ्हाइकाला कॅमेऱ्याची तोंडं उगवती-मावळतीकडे करू नका म्हणून सांगतो, ते मला कंपनीच्या माहितीपुस्तकाने शिकवलेलं नाही. शेळी सापडली नाही. पण आजा संध्याकाळी म्हणाला, माणूस डाव्या पायाने जरा फाकून चालतो, ओझं उजव्या खांद्यावर होतं आणि आपल्या गावचा नाही.

आता या राखणदारांचं पुढे काय झालं ते बघा. इंग्रज आले तेव्हा खानदेश उजाड होता. आमच्या शहाद्याजवळचं सुलतानपूर एकेकाळी परगण्याचं मोठं गाव. १८०२ च्या धामधुमीत होळकरांच्या फौजेने आणि तिच्याबरोबरच्या भिलांनी ते असं लुटलं की पुन्हा उभं राहिलं नाही. राखणारे आणि लुटणारे एकाच जमातीचे, हे कोडं साहेबांना उलगडेना. खरं तर कोडं नव्हतंच. हक्काचा दाणा बंद झाला की राखणदार काय करणार? हे कळल्यावर कंपनी सरकारने घाटवाटा राखणाऱ्या नाईकांना नेमणुका दिल्या, गावोगावच्या जागल्यांचे हक्क पुन्हा लावून दिले, आणि १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औटरमने धरणगावला भिलांची पलटण उभी केली. नंदुरबार आणि सुलतानपूर वेगळ्या भिल एजन्सीखाली आले. काल ज्याला पकडायला शिपाई धाडत, त्यालाच आज शिपाई केलं.

पण दुसऱ्या हाताने काय केलं? १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही जमातीच्या जमाती त्यात घातल्या गेल्या. बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला परवानगी. पारध्यांसारख्या लोकांच्या पिढ्या त्यात गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, तेव्हापासून त्यांना विमुक्त म्हणू लागले. आमच्यावर त्या कायद्याचा शिक्का तसा बसला नाही, पण त्याची सावली आमच्याही झोपड्यांवर पडली. काही चोरीला गेलं की पहिली झडती कोणत्या वस्तीची, हे शहाद्या-तळोद्यात कोणाला सांगावं लागत नाही.

१९५८ चा कायदा आला आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. महारकी गेली, जागल्याचा वाटा गेला. खळ्यावर टोपली घेऊन उभं राहणं सुटलं, हे चांगलंच झालं, त्यात मला दुमत नाही. फक्त वाट्याबरोबर जबाबदारीही गेली, आणि ती कोणी उचलली नाही.

उचलली म्हणायची तर बड्या शेतकऱ्यांनी, आपल्यापुरती. पीक संरक्षण सोसायट्या निघाल्या, त्यांचे पगारी रखवालदार वावरांतून फिरू लागले. ऊस, गहू, कापूस राखायचा आणि पहिला संशय भिलावर घ्यायचा. वाळकं सरपण उचलणाऱ्या बाईलासुद्धा दंड. सत्तरच्या दशकात शहाद्यात आदिवासींचं जे आंदोलन पेटलं त्याच्या मुळाशी जमिनींइतकाच हा रखवालीचा जाच होता. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यावरून गोळीबार झाला, आदिवासी मारला गेला. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांनी माणसं उभी केली, पुढच्या वर्षी श्रमिक संघटना आली. माझा बाप तेव्हा सालदार होता. तो त्या मोर्चांत होता. ज्या शिवारात त्याचा बाप रात्रीचा राखणीला फिरायचा, त्याच शिवारात तो पकडला जाईल म्हणून बांधावरून जायला घाबरायचा. एका पिढीत एवढं फिरलं.

आणि मी? मी आयटीआय केलं, आधी डिश बसवल्या, मग कॅमेरे. ज्यांच्या वावरात बाप सालदार होता त्यांच्या केळीच्या शेडला मीच कॅमेरा लावलाय. ते मला चहा विचारतात. मी पितो.

घरासाठी कॅमेरा ही कल्पना ज्या बाईची, तिची गोष्ट मला आवडते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी नर्स, मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. कामाच्या वेळा अडनिड्या, घरी बऱ्याचदा एकटी, आणि बोलावलं तर पोलीस यायला उशीर. तिने नवऱ्याबरोबर दारासाठी कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बोलायला माइक असं जमवलं. १९६६ मध्ये अर्ज केला, १९६९ मध्ये पेटंट मिळालं. त्यात एक बटण होतं, मदत बोलावणारं. म्हणजे बघणं आणि बोलावणं तिने एकत्रच ठेवलं होतं. आमच्या धंद्यात बघणं पुढे धावलं, बटण मागे राहिलं.

आता वायरलेस म्हणाल, तर आधी एक गैरसमज काढतो. वायरलेस कॅमेऱ्यालाही वीज लागते. चित्र हवेतून जातं, वीज मात्र बहुतेक कॅमेऱ्यांना वायरीतूनच येते. आपल्याकडे वीज जाते ती नेमकी रात्री, त्यामुळे कॅमेऱ्याआधी राउटर इन्व्हर्टरवर घ्या. घर जुनं धाब्याचं असेल, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचं, तर पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय तिथे मरतं, दोन पॉइंट चारचं पोचतं. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच असेल तर चोर कॅमेरा उपटून नेतो आणि पुरावाही घेऊन जातो, तेव्हा रेकॉर्डिंग आतल्या खोलीत किंवा क्लाउडवर हवं. उंची नऊ-दहा फूट. त्याच्या वर नेला की नुसत्या टोप्या दिसतात. आणि पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरचे असे लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले, का तर लोकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता. आपल्या सरकारनेही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची केली. बिनशिक्क्याचा स्वस्त माल अजून फिरतो, तो घेऊ नका.

वावरासाठी किंवा नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीसाठी सिमवाला सोलर कॅमेरा बरा, तिथे वाय-फाय कुठलं? पथारीवर काम करताना माझी एकदा चांगली फजिती झाली. लाल मिरची लांबवर पसरलेली, वाऱ्यावर तिची भुकटी उडत होती. काच पुसली आणि त्याच हाताने डोळा चोळला. तासभर मलाच काही दिसत नव्हतं. तिथल्या मजूर बाया हसून बेजार.

हे सगळं पाळून बसवलेला कॅमेरासुद्धा काय करतो, ते ऐका. गेल्या वर्षी एका घरासमोरची मोटरसायकल गेली. कॅमेरा माझाच, चित्र आरशासारखं. रात्री दोन चाळीसला एक जण आला, तोंडाला रुमाल, तीन मिनिटांत हँडलचं लॉक मोडून गाडी ढकलत नेली. मोबाइलला इशारा गेला, पण मालक लग्नाला बाहेरगावी, फोन सायलेंट. सकाळी तो व्हिडिओ गावभर झाला. दुपारपर्यंत तो माझ्याकडे नऊ जणांनी पाठवला, मलाच. कोणी ओळखलं नाही. आणि समोरच्या घरचा माणूस मला म्हणाला, "मी जागाच होतो, कुत्री भुंकली, वाटलं पाहुणे आले असतील." तो जागा होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्याच्याकडून कोणी काही भरून घेणार नव्हतं.

नोंदींची तर आमच्याकडे कमी नाही. टेंभली आमच्याच तालुक्यातलं गाव. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड तिथे दिलं गेलं, पंतप्रधान आले होते. बोटं, डोळे, चेहरा, सगळं नोंदलं. आजा तेव्हा नव्हता. असता तर म्हणाला असता, पाय राहिले की!

जागल्याची रीत परत आणा, असं माझं म्हणणं नाही. कुणाच्या चोरीसाठी भलत्या गावाने दंड भरावा, गरीब जागल्याने भांडी विकावीत, हे आज कोण सोसेल, आणि का सोसावं? मी स्वतः वाट्यावर जगणार नाही. पण गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न आता बदललाय. बजेट किती, हे मागाहून. आधी विचारतो, रात्री दोनला शिट्टी वाजली तर तुमच्या दाराशी दोन मिनिटांत कोण पोचेल? त्याचं नाव सांगा. नाव सांगता येत नसेल तर आठ मेगापिक्सेल घेऊन उपयोग नाही, आणि सांगता येत असेल तर दोन मेगापिक्सेल पुरतात. आणखी एक. कॅमेऱ्यात समोरच्याचं दार, त्याची मोरी, त्याच्या लेकीबाळी येत असतील तर कोन फिरवा. ज्याच्यावर दिवसभर डोळा रोखून ठेवलाय तो रात्री तुमच्यासाठी उठणार नाही. आमच्या लोकांवर फार वर्षं डोळे रोखलेले होते, म्हणून हे मला सांगता येतं.

डोंगरगाव रस्त्याच्या त्या घरी मी काम संपवलं आणि ॲप मुलाच्या मोबाइलबरोबर आक्कांच्या मोबाइलवरही टाकलं. शेजारच्या दोन घरांत जाऊन विचारलं, तुमच्याही मोबाइलवर शिट्टी लावू का? एकाने हो म्हटलं. दुसरा म्हणाला, माझ्या घराची शिट्टी त्यांच्याकडे लावणार असाल तर लावा. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे एक कॅमेरा बसवला.

तुम्हीही कॅमेरा घ्यायला याल तेव्हा घराचा नकाशा आणू नका, तो मी येऊन बघतो. शेजारच्या दोघांचे नंबर त्यांना विचारून घेऊन या. पासवर्ड आपण नंतर टाकू.