एका लहानग्या कॅमेऱ्याची उलटतपासणी

जुना माल घेणाऱ्याने तो पारखूनच घ्यावा, हा संकेत आपल्या बाजारपेठांत कायद्याच्या पुस्तकांहून जुना आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याने सोळाव्या कलमात त्यास एक बारीक पुरवणी जोडली. विकणारा त्याच मालाचा व्यापारी असेल, तर माल विक्रीयोग्य असल्याची हमी कायदा गृहीत धरतो खरा. परंतु गिऱ्हाइकाने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांच्यापुरती ती हमी उरत नाही. हे कलम अशिलांस समजावून सांगण्यात आमची वीस वर्षे गेली, आणि अखेर आम्हीच त्यात सापडलो.

निमित्त देवस्थानचे होते. जुना लाकडी सभामंडप उतरवून नवा बांधण्याचा ठराव महाजनांच्या सभेत संमत झाला. खांबांवरची केळफुले आणि कोरीव तुळया उतरण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावी, तीही फिल्मवर, असे आमच्या मनाने घेतले. कारण मोबाइलमधली चित्रे मोबाइलबरोबरच नाहीशी होतात हा अनुभव आम्ही दोनदा घेतला आहे. कॅमेरा ठरविला तो रोलाय ३५. त्याची कुळकथा जाणल्याशिवाय त्याची पारख होत नाही, म्हणून ती आधी सांगतो.

हाइन्त्स वास्के हे जर्मनीतील व्हीसबाडेन येथे व्हिर्गिन यांच्या कारखान्यात कॅमेऱ्यांची रचना करीत. त्या काळी खिशात मावणारा कॅमेरा हवा असेल तर लहान फिल्म, नाहीतर नेहमीच्या फिल्मवर निम्मेच चित्र, अशी तडजोड करावी लागे. वास्के यांस ती मान्य नव्हती. पस्तीस मिलिमीटर फिल्मवर २४ × ३६ मिलिमीटरचे पुरे चित्र मिळावे आणि यंत्र मात्र मुठीत मावावे, या हट्टाने त्यांनी फावल्या वेळात एक नमुना सिद्ध केला. परंतु तो दाखविला तेव्हा मालकांनी कॅमेऱ्यांचा धंदाच आवरता घेण्याचे ठरविले होते. लाइट्झ आणि कोडॅक यांनीही त्यात रस घेतला नाही. १९६५ च्या आरंभी वास्के ब्राउनश्वाइग येथील रोलाय कारखान्यात नोकरीस लागले, आणि तेथील प्रमुख पेझेल यांच्या दृष्टीस तो नमुना पडला. १९६६ साली कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात रोलाय ३५ जगापुढे आला. लांबी ९७, उंची ६० आणि जाडी ३२ मिलिमीटर. भिंग झाइसचे टेसार, प्रकाशमापक गोसेनचा.

एवढ्या लहान पेटीत सारे बसवावयाचे, तेव्हा वास्के यांनी झडपेचे यंत्रच दुभंगले. पाती भिंगाच्या सरकत्या नळीत ठेवली आणि वेळ मोजणारी चक्रे पेटीच्या अंगात. नळी आत ढकलली की कॅमेरा चपटा होतो. फिल्म पुढे नेणारा खटका डावीकडे गेला, फ्लॅशची खाच तळाशी गेली. अंतर मोजण्याचे साधन तर वगळलेच. ते डोळ्यांनी अजमावून भिंगाच्या कड्यावर लावावे लागते. या यंत्राचे जे जे तपासावयाचे, ते सारे या कोंदटपणातून उद्भवलेले आहे.

पहिली खरेदी आम्ही मुंबईत एका दुकानात केली. ‘चालू स्थितीत’ एवढे शब्द वाचले, खटका दोनदा दाबला, आवाज गोड वाटला आणि पैसे मोजले. घरी येऊन पाठ उघडली, विजेरीचा झोत भिंगातून आरपार टाकला, तो आत बुरशीचे जाळे! पेशीच्या कप्प्यात हिरवा गंज, मापकाचा काटा निश्चल. हे सर्व दुकानात दोन मिनिटांत दिसले असते. सबब सोळाव्या कलमाने आमचे तोंड बंद केले.

दुसरा कॅमेरा गोव्यातच मिळाला, एका निवृत्त तारवटीच्या घरी. त्यावर सिंगापूरचे नाव होते. रोलायने १९७० नंतर हे उत्पादन जर्मनीतून तेथे हलविले, आणि म्हणून संग्राहक आजही जर्मन प्रतीस अधिक दाम मोजतात. आम्हांस हा भेद बव्हंशी नावाचाच वाटतो. रचना तीच आहे. आणि पन्नास वर्षे कपाटात कोरडा राहिलेला सिंगापुरी कॅमेरा, पन्नास पावसाळे खाल्लेल्या जर्मन कॅमेऱ्याहून केव्हाही बरा.

या वेळी घाई केली नाही. प्रथम मालकांनाच भिंग मिटण्यास सांगितले. खटका फिरवून झडप ताणल्याशिवाय नळी आत जात नाही. तेथे जोर केला की आतील भाग मोडतात. त्यांनी आधी खटका फिरविला, तेव्हाच आमचा अर्धा संशय फिटला. मूळची पाऱ्याची १.३५ व्होल्टची पेशी आता बाजारात नाही. दीड व्होल्टची घातली तर काटा प्रकाश अधिक दाखवितो आणि चित्रे काळवंडतात. म्हणून श्रवणयंत्राची पेशी कडे लावून बसविली. काटा हलला. मग झडपेचा प्रत्येक वेग कान देऊन ऐकला. अर्ध्या सेकंदास जवळजवळ एक सेकंद लागत होता. जुने वंगण चिकट झाले की संथ वेग असे रेंगाळतात. हा दोष बोलून दाखविला, किंमत कमी करून घेतली.

तरीही एक फिल्म केवळ परीक्षेसाठी खर्ची घातली. १०० वेगाची फिल्म, लख्ख ऊन, छिद्र १६, वेग १/१२५. एक आणि तीन मीटर अंतर फितीने मोजलेले, प्रत्येक चित्राची नोंद वहीत. निगेटिव्ह आल्या तेव्हा कळले की १/३० पासून पुढचे वेग भरवशाचे आहेत. सभामंडपात मात्र अंधार, आणि अंधारात संथ वेगच लागतात! दुरुस्तीला अवधी नव्हता. ४०० वेगाची फिल्म घातली, पुजाऱ्यांकडून सकाळी सर्व दारे उघडून घेतली, आणि छिद्र ३.५ वर ठेवून १/३० ने चित्रे घेतली.

छत्तीसपैकी एकतीस स्वच्छ आली. उत्तरेकडील तिसऱ्या खांबापाशी आमचा अंतराचा अंदाज हातभर चुकला. चित्रे धुऊन आली त्या दिवशी तो खांब उतरवून अंगणात आडवा ठेवलेला होता.