सैनिकी सेवा आणि लेसरने सुधारलेली दृष्टी : ६/६ म्हणजे सर्व काही नव्हे

पारपटलाचा, म्हणजेच कॉर्नियाचा, आकार बदलून चष्म्याचा नंबर घालविण्याच्या पीआरके, लॅसिक आणि स्माइल या तीन पद्धती आज प्रचलित आहेत. त्यांचे यश सहसा तक्त्यावरील ६/६ या आकड्याने मोजले जाते. सैनिकासाठी हे माप अपुरे ठरते.

तक्ता पुरेशा उजेडात पांढऱ्यावरची काळी अक्षरे वाचवून घेतो. रात्रीच्या पहाऱ्यात मात्र करड्या पार्श्वभूमीवरची करडी आकृती ओळखावी लागते. अंधारात बाहुली विस्फारते. लेसरने घडविलेल्या भागाच्या कडेवरून येणारे किरणही मग डोळ्यात शिरतात आणि दिव्यांभोवती वलये किंवा चकाकी दिसू लागते. नंबर जितका मोठा, तितकी ही शक्यता अधिक.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने लॅसिक झालेल्या २६२ नौसैनिकांचा अभ्यास झाला. तीन महिन्यांनंतर बहुतेकांना चष्म्याविना उत्तम दिसत होते. तरीही ज्यांना आधी असा त्रास नव्हता, त्यांपैकी ४३ टक्क्यांपर्यंत लोकांना वलये, चकाकी यांसारखे किमान एक नवे लक्षण जाणवले. त्यामुळे दैनंदिन कामात मोठी अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते.

संयुक्त अरब अमिरातीत हवामानाचीही भर पडते. शस्त्रक्रियेत पारपटलातील नसा छेदल्या जात असल्याने काही महिने डोळे कोरडे राहतात. वाळू, उष्ण वारा आणि अखंड वातानुकूलन यांमुळे हा कोरडेपणा वाढतो व दृष्टी अधूनमधून धूसर होते. पीआरकेत पारपटलाची झडप कापली जात नाही, त्यामुळे मार लागून ती सरकण्याचे भय नसते. मात्र जखम भरण्यास वेळ लागतो आणि धूसरपणा टाळण्यासाठी प्रखर उन्हापासून डोळे जपावे लागतात.

२०१४ च्या कायद्याने अमिरातीत १८ ते ३० वयाच्या पुरुष नागरिकांना राष्ट्रीय सेवा सक्तीची झाली. परदेशी रहिवाशांना ती लागू नाही. येथील मराठी कुटुंबांतील ज्या मुलांना भारतीय सैन्यात जायचे आहे, त्यांच्यासाठी मायदेशीचे निकष महत्त्वाचे. सीडीएसमार्फत होणाऱ्या निवडीत शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षानंतर झालेली असावी, तिला किमान १२ महिने उलटलेले असावेत आणि पारपटलाची मध्यभागी जाडी ४५० मायक्रॉनहून कमी नसावी, अशा अटी आहेत. काही शाखांचे निकष याहून कडक आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशाचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असल्याने वरील अटी तेथे पूर्ण होऊच शकत नाहीत.

म्हणून बारावीच्या सुट्टीत दुबईत घाईने नंबर काढून घेणे प्रबोधिनीच्या उमेदवाराला तारक नव्हे, मारक ठरू शकते. आधी चालू वर्षाची अधिसूचना वाचावी. शस्त्रक्रियेचा निर्णय झालाच, तर अंधारातील बाहुलीचा व्यास, पारपटलाची जाडी व अश्रूंचे प्रमाण तपासून घ्यावे आणि पूर्वीच्या नंबरासह सर्व नोंदी जपून ठेवाव्यात.