गौरव की व्यंग? : एका बोधचिन्हाचा प्रवास

चिन्हाचा अर्थ ते घडवणाऱ्याच्या हेतूपाशी संपत नाही, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. या विधानाची कसोटी पाहण्यासाठी येथे साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेत आहोत : अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहराच्या व्यावसायिक बेसबॉल संघाचे बोधचिन्ह.

या संघाने १९१५ मध्ये 'इंडियन्स' हे नाव घेतले. पेनॉब्स्कॉट जमातीचा लुई सॉकॅलेक्सिस १८९७ ते १८९९ या काळात याच शहराच्या 'स्पायडर्स' या जुन्या संघाकडून खेळला होता. त्याच्या गौरवार्थ हे नाव दिले, असे संघ पुढे अनेक वर्षे सांगत राहिला. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. मात्र सॉकॅलेक्सिस मैदानात उतरला की प्रेक्षक रणगर्जनांची नक्कल करून त्याची टवाळी करीत, याची नोंद आहे. गौरवाची कथा उभी आहे ती या टवाळीच्या थरावर.

१९४७ मध्ये संघाचे मालक बिल व्हेक यांच्यासाठी वॉल्टर गोल्डबाख या सतरा वर्षांच्या मुलाने एक चेहरा रेखाटला : पिवळी कातडी, भलेमोठे नाक, दात दाखवणारे हसू आणि डोक्यावर एकच पीस. त्याच वर्षी व्हेक यांनी लॅरी डोबी या अमेरिकन लीगमधील पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेतले होते. एक भेद पुसणाऱ्या हाताला दुसरा दिसू नये, हे विसंगत वाटले तरी इतिहासात अपवादात्मक नाही.

१९५१ मध्ये चित्र बदलले. नाक लहान झाले, कातडी लालभडक झाली. हसू तेवढे राहिले. या चेहऱ्याला पुढे 'चीफ वाहू' हे नाव रूढ झाले. वास्तविक एकच पीस लावणारा हा योद्धा आहे, सरदार नव्हे, हे खुद्द गोल्डबाख यांनी नंतर दाखवून दिले. कोणाला दुखावण्याचा विचार मनात नव्हता, असेही ते म्हणाले. ते खरे मानले, तरी ज्यांचा तो चेहरा म्हणून मिरवला गेला, त्यांच्या वाचनाचे काय? १९७२ मध्ये क्लीव्हलंडमधील मूलनिवासींच्या संस्थेने रसेल मीन्स यांच्या पुढाकाराने न्यायालयात दाद मागितली, ती याच प्रश्नासाठी.

उत्तर मिळायला जवळपास अर्धशतक लागले. २०१९ च्या हंगामापासून गणवेशावरून वाहू गेला आणि साधे 'सी' अक्षर उरले. व्यापारचिन्हावरील हक्क टिकावा म्हणून काही वस्तूंची विक्री मात्र चालूच राहिली. २०२२ पासून संघ 'गार्डियन्स' झाला. शहरातील १९३२ च्या होप मेमोरियल पुलावरील आठ पाषाणमूर्तींवरून हे नाव आले आणि बोधचिन्हात पंख फुटलेला चेंडू आला. चेहऱ्याकडून अक्षराकडे, अक्षराकडून दगडाकडे असा हा प्रवास आहे. दगडाचा अपमान होत नाही, ही त्यातली सोय. पण सॉकॅलेक्सिसची आठवणही त्याबरोबर संघाच्या नावातून निघून गेली, ही किंमत.

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून आपण निश्चिंत राहू शकत नाही. कोलंबसाच्या चुकीतून आलेल्या 'इंडियन' या शब्दाला 'रेड' जोडून आपली मराठी पुस्तके आजही त्या लोकांचा उल्लेख करतात. क्लीव्हलंडने लाल रंग पुसला. आपल्या अनुवादांत तो अजून ओला आहे.